शेपटीवरचं पाणी

अंजूर गावातल्या शेताच्या ज्या तुकड्यात चिंधूने तीस वर्षं भात लावला, तिथेच आता शीतगोदाम उभं आहे आणि चिंधू त्यात कामाला आहे. पूर्वी त्या जागेत तो घामाने निथळायचा, आता तिथेच उणे वीस अंशांत गोठलेल्या मटारांची राखण करतो. भर मे महिन्यात माकडटोपी घालून निघाला, की रिक्षावाले त्याच्याकडे माणूस आजारी असल्यासारखं बघतात.

त्याची एक खोड होती. दारापाशी फरशी चमकली, की हातमोजा काढून तो ती नखाने खरवडायचा. "चिंधूकाका फरशीला गुदगुल्या करतात," असं सुपरवायझर मितेश म्हणायचा. चमकणारं प्रत्येक पाणी हे पाणी नसतं, एवढंच चिंधूचं म्हणणं.

जानेवारीतल्या त्या सकाळी तो आत शिरणार, तोच मेघालीचा फोन आला. त्याची ही लेक हिमालयाच्या पायथ्याशी एका विमानतळावर नोकरीला. उड्डाणाआधी विमानावरचा बर्फ गरम फवाऱ्याने काढायचा आणि विमान साफ असल्याच्या कागदावर सही करायची, हे तिचं काम.

"बाबा, आत जाऊ नका, रेंज जाईल. पंख मी हाताने तपासले. शेपटी उंच आहे, शिडीची गाडी दुसऱ्या विमानाला लागलीय. साहेब म्हणतात, फवारलंय, नुसतं ओलं दिसतंय, सही कर."

"तुला काय वाटतं गो?"

"चमकतंय."

चिंधूच्या पाठीतून जी थंडी गेली, ती गोदामातली नव्हती. शेपटीचं गणित मेघालीने त्याला एका सुट्टीत शिकवलं होतं आणि त्याने ते आपल्या भाषेत बसवून घेतलं होतं. बैलगाडीत मागे बसलेला गडी उडी मारून उतरला, तर गाडी धुरजड होते आणि सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. विमानाची शेपटी म्हणजे तो मागचा गडी. ती मागून दाबते, म्हणून पुढचं नाक वर राहतं. तिच्या धारेवर बर्फ बसला, की तिचा दाब सुटतो आणि नाक खाली जातं. तेही बहुतेक उतरताना, जमीन जवळ आल्यावर. पायलटला तर बसल्या जागेवरून शेपटी दिसतच नाही.

"किती माणसं?"

"एकशे ऐंशी. बाबा, साहेब हाका मारतायत. सही नाही केली तर नोकरी..."

चिंधूने मागे पाहिलं. मितेश दारात उभा होता. ऐकलं तर ऐकू दे.

"ऐक. माझ्या पायाची दोन बोटं गेली ना, ती गोदामातल्या मालाच्या गाडीचा ब्रेक फेल झाल्यानं न्हाय. मी घरी खोटं बोललो. फरशी चमकत व्हती, घाई व्हती, मी हात न्हाय लावला. 'ओलं हाय, येऊ दे गाडी,' मीच बोललो. आणि गाडी घसरून माझ्याच पायावर आली. माझी दोन बोटं गेली, मेघाले. तिथं एकशे ऐंशी हायत. हात लाव, मग सही कर."

पलीकडून आधी कुणाचा तरी चढा आवाज आला. मग फोनच बंद झाला.

चिंधू आत गेला नाही. मितेशनेही त्याला जा म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाला, "काका, टोपी तरी काढा, घाम आलाय तुम्हाला."

पस्तीस मिनिटांनी फोन वाजला.

"शिडी आली, बाबा. मी वर गेले." मेघालीला धाप लागली होती. "काचेसारखा बर्फ. नखाला लागला, डोळ्याला नाही. पुन्हा फवारलं, पुन्हा हात फिरवला, मग सही केली. साहेब बोलत नाहीत माझ्याशी. एका नवरदेवाचा मुहूर्त टळतोय, तो तर खिडकीतून शाप देतोय."

"गोरज मुहूर्तावर लागंल त्याचं. विमान कधी उतरणार?"

"बाराला."

म्हणजे अजून दोन तास. रेंज जाऊ नये म्हणून चिंधूने दारातूनच मटारांच्या गोण्या मोजल्या, चुकल्या, पुन्हा मोजल्या. बारा वाजले. बारा-दहा झाले. डबा समोर होता, पण भाकरीला हात लागेना. बारा-सतराला फोनच्या पडद्यावर मेघालीचा एकच शब्द आला: उतरलं.

चिंधू पायरीवर मटकन बसला.

"काय झालं, काका?" मितेश धावला.

"काय न्हाय रे," चिंधू डोळे पुसत म्हणाला, "एकशे ऐंशी माणसं आता माझ्या पोरीच्या नावानं बोटं मोडत घरी चाललीत."