एकसारखे डबे आणि रोटाचे गहू

फुईंनी मला त्या घरात टिकवलं, हे आधी सांगून टाकते. फुई म्हणजे त्या घरचे धनी आबा, त्यांची सख्खी बहीण. तरुणपणी नवरा गेला तशा ब्राह्मणपुरीला भावाकडे आल्या आणि राहिल्या. दात थोडे, पण जिभेला अजून धार. त्यांचं आधी सांगितलं कारण एरवी माझं उलटं होतं. मी आधी रडते, आणि माणसं विचारत बसतात की झालं तरी काय.

मी नवापूरच्या डोंगरातली, गुजरातच्या हद्दीला चिकटलेल्या गावची. आठवीत शाळा सोडली आणि पुढे या घरात स्वयंपाकाला आले, राहायलाच. ब्राह्मणपुरी काही परदेश नाही, एस.टी. बदलून अर्ध्या दिवसात माणूस पोचतो. पण आमच्या घरी बोलतात ते वेगळं, इथे अहिराणी, ‘शे’ आणि ‘करी ऱ्हायना’, आणि वहिनी, म्हणजे घरची सून, बोलायच्या ते पुस्तकातलं. मी तिन्ही भाषांत गप्प राहायचे.

मोठ्या आईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, मला ठेवताना एवढंच सांगितलं होतं की कानबाईचा सण होईपर्यंत बघू. त्या सहज बोलल्या. मी मात्र रोज सकाळी उठले की आधी ते वाक्य आठवायचे. माघारी गेले असते तर भावाबरोबर ऊसतोडीच्या टोळीत गुजरातला जायचं होतं. एक हंगाम मी गेले होते. ऊस कसा असतो ते मला माहीत होतं, साखरेचं तुम्ही सांगा.

आता कोठाराचं.

नवं घर बांधताना कुणाच्या तरी डोक्यातून जिन्याखाली कोठार निघालं. इतकं खोल की मागच्या डब्याला हात लावायचा तर अर्धं माणूस आत घालावं लागायचं, आणि जे अर्धं बाहेर राहायचं त्याच्याकडे कुणीतरी चहा मागायचं. घर सगळं घाईचं. आबा ऊस-केळी-पपईच्या मागे, त्यांचे चिरंजीव मोठे दादा साखर कारखान्यात, वहिनी शहाद्याला शाळेत शिकवायला, पोरं ट्यूशनला. जो यायचा तो पुढचं उचलायचा आणि पळायचा. पुढचं संपलं की नवीन आणून पुन्हा पुढेच. मागे काय आहे ते विचारायची पद्धत नव्हती. हळद संपली म्हणून हळद यायची आणि जुन्या हळदीच्या पुड्यांना पाठ लावून बसायची.

मग वहिनींनी फोनवर एका बाईचं स्वयंपाकघर बघितलं. सगळे डबे एका उंचीचे, एका रंगाच्या झाकणांचे, काठोकाठ भरलेले. मीही बघितलं. त्या घरात कुणी जेवत असेल असं काही दिसलं नाही. पण वहिनींच्या मनात भरलं ते भरलं. खोकी भरून डबे आले, आणि कानबाईच्या आदल्या आठवड्यात, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी, त्यांनी मला सगळं बाहेर काढायला सांगितलं. पाहुणे येणार, भाऊबंद येणार, घर बघितल्यावर कळलं पाहिजे म्हणाल्या. काय कळलं पाहिजे ते नाही म्हणाल्या.

मी आत शिरले. मागून बिबडे निघाले, जोंधळ्याचे पापड ते, कुठल्या उन्हाळ्याचे ते मोठ्या आईंनाही आठवेना. कस्टर्ड पावडरचे डबे निघाले, जेवढे निघाले तेवढे कुणी सात जन्मांत खाल्लं नसतं. मिक्सरचं भांडं निघालं, ज्याच्यावरून आधीच्या कामवालीला बोलणी बसली होती म्हणे. कुणी तिला निरोप नाही पाठवला. तांदळाच्या डब्यामागे शेवेची पिशवी आणि पेढ्यांचं पुडकं निघालं. आबा साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेतात. ज्या घराच्या उसाची सगळ्या जिल्ह्याला साखर, त्या घरच्या धन्याने पेढा असा उंदरासारखा खायचा. आबा तेवढ्यात आत आले, पेढे बघितले, आणि केळीला पाणी सुरू करायचं राहिलं म्हणून निघून गेले. विहिरीवर तेव्हा वीज नव्हती.

फुई दारात पाटावर बसून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, “काढ, काढ. तठे मन्हा नवरा भी सापडी.”

हसावं की नाही ते मला कळेना. त्या स्वतः हसल्या, मग मी हसले.

इथे रोटाचं सांगायला हवं. कानबाई ही खानदेशातली देवी, ती श्रावणात येते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करायचे तर घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून वेगळे ठेवतात. ते दळायचे, रोट करायचे आणि फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. त्या घरातून लग्न होऊन गेलेली लेकही बाहेरचीच. म्हणजे फुई त्या घरात जन्मल्या, त्याच घरात म्हाताऱ्या झाल्या, पण त्यांच्या नावाची मूठ नाही. आणि माझं तर विचारूच नका, आम्ही रविवारी चर्चला जाणारी माणसं.

ते मोजलेले गहू मोठ्या आईंनी फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवले होते. मी खाली बसून फळ्या पुसत होते आणि वहिनी उभ्याने डबे भरत होत्या. गव्हाचा डबा चार बोटं उणा राहिला. फोनवरच्या बाईचा उणा नव्हता. वहिनींनी हाताला आलं ते गाठोडं सोडलं आणि ओतलं. फडक्यावर हळदीकुंकवाची बोटं होती, ती मला दिसली तोवर गहू खाली पोचले होते. वहिनींनी फडक्याची छान घडी केली आणि फडक्यांच्या डब्यात ठेवली. डब्यांचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या आई रोटाचे गहू दळणाला द्यायला म्हणून आल्या. वरची फळी चकचकीत. फडकं सापडलं, गहू नाहीत. त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनींचा चेहरा उतरला, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “कोठार हिनेच आवरलं.”

वाक्य खोटं नव्हतं. कोठार मीच आवरलं होतं. नुसतं भलत्या जागी आलेलं खरं वाक्य होतं.

मोठ्या आईंनी मला विचारलं, तू हात लावला होतास का. मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर मग कुणी लावला हा प्रश्न येणार होता, आणि घरच्या सुनेचं नाव परक्या पोरीच्या तोंडून निघालं की त्या पोरीची पिशवी भरायला कितीसा वेळ लागतो. कानात एस.टी.ची घंटा वाजायला लागली. मी पुसलेली फळी पुन्हा पुसायला लागले.

फुई पाटावरून म्हणाल्या, “तिले काय इचारस? मीच वती दिन्हात.”

सगळ्यांना माहीत होतं की फुईंनी गहू ओतले हे खरं नाही. फुईंना उठायलाच भिंत लागते. मोठ्या आईंनी नणंदेला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, तुमचा हात वरच्या फळीला कधीपासून पुरायला लागला.

“कानबाईना वखतले लांबस,” फुई म्हणाल्या.

मोठ्या आई चिडल्या. देवीच्या कामात थट्टा नको, कोप झाला म्हणजे कळेल, असं बरंच बोलल्या. फुईंनी ते सगळं संपू दिलं.

“मन्ही मूठ त्यामा शे का? नही ना. मग मन्हावर कोप कशाना व्हई?” त्या म्हणाल्या. “गहू मिसळी गयात, मुठी तर नही गयात ना. हात शेतस ना बठ्ठासना? मोजा परत.”

देवीने कोपावं तर फुई तिच्या हिशेबातच नाहीत, आणि भावजयीने घालवून द्यावं तर त्यांना जायला घर नाही. दोष टाकायला इतकी सोयीची बाई सगळ्या तालुक्यात नसेल. वहिनी खाली मान घालून नेलपॉलिश बघत होत्या.

मग संध्याकाळी गव्हाचा नवा डबा परातीत उपडा झाला आणि सगळं घर गोळा केलं. मोठे दादा कारखान्यातून, आबा मळ्यातून, पोरं ट्यूशन बुडवून खूश. एवढी माणसं एकाच वेळी त्या स्वयंपाकघरात उभी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. एरवी एक आत येताना दुसरा बाहेर. दादांनी एका हाताने मूठ भरली, दुसऱ्या हाताने फोन कानाला धरलेला. मोठ्या आईंनी त्यांना फोन ठेवून पुन्हा भरायला लावली. फुई आणि मी उंबऱ्याच्या बाहेर बसून बघत होतो. फुई हळूच म्हणाल्या की धाकट्या पोराची मूठ बघ, बापासारखीच, घेताना मोठी.

कानबाई आली, रात्रभर गाणी झाली, सोमवारी विसर्जनाला तापीला गेली. घरात पुढे काही दिवस रोट चालले. फुईंना आणि मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा. रोटाचा कंटाळा येऊन पोरं आमच्या ताटाकडे बघायला लागली तेव्हा फुईंनी ताट फिरवून घेतलं.

कानबाई झाली होती, आता ‘बघू’ संपलं होतं. कुणी काहीच बोलेना. मी पिशवी भरून ठेवली. मग एका सकाळी मोठ्या आईंनी सुपात उडीद आणून पुढ्यात टाकले. नीट निवड म्हणाल्या, दिवाळीला लागतील. राहा असं त्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही, पुढचं काम सांगतात. मी ते उडीद असे निवडले की खड्यालाही शरम वाटावी.

वहिनींनी त्या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. एक डबा उरला होता तो मला दिला, सामान ठेवायला. बाई वाईट नाहीत. घाईत असतात.

मी अजून तिथेच आहे, आणि कोठार पुन्हा पुढून संपत चाललंय. फुईंना मी त्या दिवसाबद्दल अजून नीट काही बोललेले नाही. बोलायला गेले तर ‘चूप ऱ्हाय’ म्हणतात. आयुष्यभरात त्यांना कुणी पाहुणी म्हणून कुठे बोलावलेलं मी ऐकलं नाही. पत्र्याचं असो की कुडाचं, एक दिवस डोंगरात माझं घर होईल, तेव्हा त्यांना एस.टी.त खिडकीशी बसवून नेणार आहे. पहिल्या पंगतीला बसवीन, पाण्याच्या तांब्यासाठीही उठू देणार नाही. त्या भाकरीला नावं ठेवतील, भाजीला ठेवतील, माझ्या नवऱ्यालाही ठेवतील. तोवर त्यांचे गुडघे टिकोत. नाही टिकले तर मी पाठीवर घेऊन चढ चढेन, पण नेईन.