न पाहिलेली गल्ली

ऑफिसात कुणी सीताफळं आणली की मी अजूनही मान खाली घालतो. वीस वर्षांपूर्वी फळं विकणारे सलीमचाचा घर बांधायच्या परवानगीचा नामंजूर झालेला अर्ज घेऊन नगरपालिकेत माझ्या टेबलाशी उभे होते. त्यांच्या पाटीतल्या पिकल्या सीताफळांचा वास खोलीभर झाला होता.

“साहेब, गल्लीला रस्ता न्हाई असं कावून लिवलं? बैलगाडी जाती की. तुमी आलते का कधी?”

मी गेलोच नव्हतो. ऊन फार होतं, म्हणून ‘समक्ष पाहणी केली, रस्ता नाही’ असं टेबलावरच लिहिलं होतं. त्याच अहवालावर माझ्या वरच्या साहेबांनी निर्णय दिला.

“आता माझ्या हातात काही नाही,” एवढंच मी म्हणालो.

“एकदा येऊन तर बघा,” म्हणत ते दोन सीताफळं ठेवून गेले. तेव्हा मला तो टोमणा वाटला होता. आता वाटतं, ते खरंच बोलावत होते.

गेल्या महिन्यात त्याच जागेसाठी त्यांच्या मुलीचा अर्ज आला. मी मोजायची टेप घेऊन त्या गल्लीत गेलो. दुसरं टोक थकलेल्या चाचांनी धरलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

“मला तवाच ठाऊक व्हतं,” ते म्हणाले. “टेप ताणून धरा.”

रस्ता बारा फूट भरला, परवानगीला पुरेसा. अहवाल मी तिथंच, त्यांच्या ओट्यावर बसून लिहिला.