गुडघे कुणी टेकले?

जळगावहून पहाटेच्या एसटीने धुळ्याला उतरले, तेव्हा नाना स्टँडवर फोटो घेऊन उभेच होते. नाना म्हणजे आमच्या कराटे संघटनेचे प्रमुख आणि माझे गुरू. फोटो संघटनेच्या संस्थापक गुरुजींचा, भल्यामोठ्या फ्रेममधला. शिरपूरपलीकडच्या एका गावात चर्चच्या आवारात मुलींचा कराटे वर्ग चालतो. त्यांची बेल्टची परीक्षा घ्यायला मी निघाले होते.

"त्या वर्गाच्या बाई मुलींना फोटोपुढे गुडघे टेकू देत नाहीत म्हणे," नाना म्हणाले. "गुडघे नाहीत, तर बेल्ट नाही. आणि बेल्ट नाही, तर जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचं नाही. स्पष्ट सांग."

शिरपूरच्या गाडीत फ्रेम मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या आजींनी फोटोला मनोभावे हात जोडले. "ह्या कोनता महाराज शेतस वं?" (हे कोणते महाराज आहेत गं?)

"कराटेचे," मी म्हटलं. आजींनी हात पटकन पदराखाली घेतले.

कपाशीच्या शेतांमागे सातपुडा दिसू लागला आणि गाव आलं. वर्गाच्या शिक्षिका मार्थाअक्कांनी आधी जेवायला बसवलं. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं झणझणीत भरीत. नाकातोंडातून पाणी आलं, तरी दुसरी भाकरी घेतली.

जेवता जेवता मी खोडी काढली. "अक्का, तुमच्यात एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करतात ना? मग पोरींना ठोसे कशाला शिकवता?"

"माना गाल मी म्होरे करसू," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पोरीस्ना नही." (माझा गाल मी पुढे करीन. पोरींचा नाही.)

 तरी मी नानांचा निरोप सांगितला. अक्कांनी मान हलवली. "हात जोडसूत. गुडघा फक्त देवम्होरे. बेल्ट नही दिधा तरी चाली." (हात जोडू. गुडघा फक्त देवापुढे. बेल्ट नाही दिला तरी चालेल.)

मला राग आला. लहानपणापासून मी त्या फोटोपुढे गुडघे टेकत आले, मग मी काय मूर्ख? तणतणत आवारात गेले आणि थबकले.

ताडपत्रीच्या कडेला पोरी पांढऱ्या ड्रेसमध्ये रांगेत उभ्या होत्या. अनवाणी खेळायचं, म्हणून त्यांचे धुळीचे पाय अक्का धूत होत्या. मातीत गुडघे टेकून, एकेकीचे, पदराने पुसत. प्रत्येक परीक्षेआधी त्या हेच करतात म्हणे.

"आमना येसूनी शिष्यसना पाय धोयात. मंग मी कोन मोठी लागी गऊ?" (आमच्या येशूने शिष्यांचे पाय धुतले. मग मी कोण मोठी लागून गेले?) असं म्हणून त्यांनी माझ्या चपलेला हात घातला. मी नको नको म्हणाले, पण पाणी पायावर पडलंच. मला रडू आलं. इतक्या गुरूंपुढे वाकले, पण माझ्यापुढे कुणी वाकलं नव्हतं.

परीक्षा मी कडक घेतली. पोरींचे ठोसे सणसणीत येत आणि समोरच्या नाकाशी बोटभर अंतरावर थांबत. एकही चुकला नाही. सगळ्यांना बेल्ट बांधले.

परतीच्या वाटेवर धुळ्याला उतरून नानांच्या टेबलावर फ्रेम ठेवली.

"टेकले ना गुडघे?"

"टेकले. बाईंनी, पोरींपुढे."

नाना उसळले. "असले बेल्ट चालणार नाहीत!"

"मग माझाही चालणार नाही," मी म्हटलं आणि माझा काळा बेल्ट पिशवीतून काढून फ्रेमवर ठेवला.

जळगावच्या गाडीत बसल्यावर पिशवी हलकी लागली. तो बेल्ट मी घाम गाळून कमावला होता. गेला तर गेला. पोरींच्या कमरेला मी बांधलेत, ते सोडवायला मी जाणार नाही.