पाठवणीच्या गाण्याचं तिसरं कडवं

आमच्या मंडळीची वेबसाइट मी केली होती, हे मी पूर्वी ऊर फुगवून सांगायचो. आता कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

वीसेक वर्षं झाली त्याला. मी तेव्हा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, म्हणजे जगातला सगळ्यात शहाणा माणूस होतो. आमचं घर देवळाली प्रवऱ्यात. तिथल्या देवळात (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, आणि तिथे जमणाऱ्या सगळ्यांना मंडळी) माझ्या वडिलांनी, अण्णांनी रचलेली गाणी म्हटली जायची. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. गाणं जुळलं की एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचे. मी ती वही घेतली, गाणी टाइप करून एका फुकटच्या साइटवर चढवली आणि अण्णांना म्हणालो, "आता वहीची गरजच नाही. जग बुडेल, पण हे बुडायचं नाही." अण्णा सरळ माणूस. पोरगं शिकलेलं आहे, म्हणतंय तर असेल. नाताळच्या साफसफाईत मी स्वतःच्या हाताने ती वही रद्दीत घातली.

जग काही बुडालं नाही, फुकटची साइट तेवढी बुडाली. ती कधी बुडाली तेही कुणाला कळलं नाही, कारण ती कुणी बघतच नव्हतं. मीसुद्धा.

अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आम्ही नगरजवळ केडगावला राहतो, आई आमच्याजवळ असते. यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि आईने फर्मान काढलं, "अण्णांचं पाठवनीचं गानं म्हनायचं. आख्खं. तिन्ही कडवी."

हे गाणं अण्णांनी माझ्या बहिणीच्या लग्नासाठी रचलं होतं. 'अंगणातली वेल चालली, प्रभो तिला मांडव दे' अशी त्याची सुरुवात. पहिली दोन कडवी मंडळीत सगळ्यांना पाठ. तिसरं अण्णांनी लग्नाच्या आदल्या दिवशी जोडलं, दुसऱ्या दिवशी एकट्याने म्हटलं, आणि पुन्हा कधी म्हटलंच नाही. त्या लग्नात मी जेवणावळीच्या गडबडीत होतो. मी आईला विचारलं, "काय होतं गं त्या तिसऱ्यात?"

"मी हुते," आई म्हणाली.

झालं! आता शोधणं आलं. बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "अरे, मी नवरी होते. मला कुठलं ऐकू येतंय, मी भोकाड पसरलं होतं." राहता राहिली माझी साइट. पण तिचा पत्ता एवढा लांबलचक की तो लक्षात ठेवण्यापेक्षा अख्खा नवा करार पाठ करणं सोपं. नशीब, त्या काळी मी साइटच्या पत्त्याची पाचशे कार्डं छापली होती. त्यातली चारशे नव्वद माळ्यावर जशीच्या तशी होती. आमच्या साइटचा प्रसार किती झाला होता, हे त्यावरून कळावं.

बुडालेल्या साइटींची पानं जपून ठेवणारी एक साइट असते. तिच्यात पत्ता घातला आणि काय सांगू, पान उघडलं! मागे तो पिवळा रंग, कडेला फिरणारा क्रूस, वर माझंच नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. मी "आई!" म्हणून ओरडलो. आई चष्मा लावून आली. गाण्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर असला नुसता काला.

"हे अण्णांनी लिवलं?" आई म्हणाली. "त्यांचं अक्षर तर लई चांगलं हुतं."

मग डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा मराठी टाइप करायचं म्हणजे विकतचा फॉन्ट लागायचा, आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला सगळं असंच दिसायचं. म्हणजे आमची साइट त्या काळीही उभ्या जगात तीनच कॉम्प्युटरवर वाचता येत होती, आणि तिन्ही आमच्या क्लासमध्ये होते. वा रे शहाणा!

पण असले फॉन्ट अजून एका ठिकाणी जिवंत असतात, ते म्हणजे लग्नपत्रिकावाल्याकडे. मुलीच्या पत्रिका नगरमध्ये ज्या चाचांकडे छापायला टाकल्या होत्या, त्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर आहे. आईला स्कूटरवर मागे बसवलं आणि गेलो. चाचा म्हणाले, "पोरं हसतात मला, पन हा डबा मी फेकनार न्हाई. निम्म्या नगरची लग्नं यानं लावलीत." त्यांनी तो काला पेन ड्राइव्हवरून घेतला, एक फॉन्ट लावला. काही झालं नाही. दुसरा लावला. तिसऱ्याला टक्के आणि डॉलर हलले आणि पडद्यावर अंगणातली वेल आली.

आईने माझा दंड धरला. पहिलं कडवं ती पडद्यावर बोट फिरवत वाचत गेली, दुसरं जवळजवळ गातच. चाचांनी पान खाली सरकवलं.

तिथे लिहिलं होतं: 'तिसरे कडवे लवकरच.'

खाली कोरं. मी चाचांकडे बघितलं, चाचा माऊसकडे बघत राहिले. आणि मला सगळं आठवलं. भारनियमनाची वेळ झाली होती, क्लास बंद करायचा होता, बोटं दुखत होती. म्हटलं, उरलेलं उद्या टाकू. तो उद्या काही आला नाही, आणि पुढे वही रद्दीत घालताना उघडून बघावं एवढंही मला सुचलं नाही.

"लवकरच म्हंजे कधी रे?" आईने विचारलं, आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चाचांनी तिला पाणी दिलं. मला कुणी दिलं नाही, आणि बरोबरच होतं ते.

परत येताना पुणे रस्त्याला लागलो. आईच्या मांडीवर पत्रिकांचा गठ्ठा. मी म्हणालो, "चुकलं माझं, आई." खरं तर यापेक्षा मोठं काहीतरी म्हणायचं होतं.

"चाळीस वर्सं संसार केला," ती मागून म्हणाली, "एकदा तोंडानं चांगलं म्हनले न्हाईत. तेवढं एकदाच म्हनले, अन् नेमकं तेवढंच तू उद्यावर ठिवलंस."

"एकही शब्द आठवत नाही का गं?"

"न्हाई. मी ऐकलंच कुठं? मी त्यांच्याकडं बघत हुते. अन् ते माज्याकडं सोडून समद्यांकडं. शेवटाला तर वर पंख्याकडं बघून गायले. लई लाजले हुते."

मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"काय झालं?" आई म्हणाली. "पेट्रोल संपलं?"

"नाही गं. रडतोय."

"मग रड की. पन गाडी आधी सावलीत घे."