तुतीतल्या सरड्याची अंडी

आमच्या तुतीच्या रानात फवारणी होत नाही. यात आमचा काही मोठेपणा नाही. शेजारच्या कापसावरचं औषध नुसतं वाऱ्यानं आलं तरी रेशमाच्या अळ्या माना टाकतात आणि महिन्याची मेहनत मातीत जाते. त्यामुळे मानवतच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या एका एकरात नाकतोडे, कोळी, माशा, फुलपाखरं असा जो सगळा बारदाना सुखानं राहतो, तो आजूबाजूच्या सोयाबीन-कापसात शोधून सापडत नाही. एवढं खाणं एका जागी म्हटल्यावर खाणाराही आला. तो सरडा होता.

कुंपणावर माना हलवत बसणारा नेहमीचा सरडा नव्हे. पुस्तकात याला घोयरा सरडा म्हणतात. आमच्या गावात सगळ्यांना मिळून सरडा हे एकच नाव पुरतं. अंगानं चपटा, पानाच्या रंगाचा, शेपटीची गुंडाळी केलेली, आणि एक डोळा माझ्याकडे तर दुसरा भलतीकडेच. पाला कापायला आलेल्या बायकांनी त्याला पाहिलं आणि विळे टाकून पळाल्या. मग विळे घ्यायला परत आल्या.

"वैनी, हे थुकलं की कोड फुटतंय. ठेचा त्याला," एक म्हणाली.

"पंधरा दिवस झाले माझ्यावर थुकायलंय. कुठं फुटलंय, दाखवा," मी म्हटलं.

खरं तर मीही त्याला त्याच घटकेला पहिल्यांदा पाहत होते आणि मलाही त्याची तितकीच भीती वाटत होती. पण चार बायकांसमोर माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. त्या खोटेपणावर सरडा वाचला, आणि बोलून बसल्यामुळे मला रोज त्याला बघायला जाणं भाग पडलं.

बघता बघता नाद लागला. एक पाऊल टाकायला तो इतका वेळ घ्यायचा की माझ्यासारख्या तडतडीचा जीव खाली-वर व्हायचा. पाय उचलायचा, हवेत तसाच धरायचा, पुढं-मागं झुलायचा, मग ठेवायचा. मी त्याला "अरे, टाक की!" असं मोठ्यानं सांगितलेलं नवऱ्यानं ऐकलं आहे. दिवाळीच्या सुमारास त्याचं पोट फुगलं, तेव्हा तो नसून ती आहे हे कळलं. एके दिवशी सकाळी ती झाडावरून उतरली आणि तुतीच्या ओळीच्या बुडाशी माती उकरायला लागली. संध्याकाळपर्यंत उकरणं, अंडी घालणं, माती ओढून जागा सारखी करणं चाललं होतं. मी बांधावर बसून होते. शेडमध्ये अळ्या उपाशी.

"पाला कोण टाकायचा? सरडी?" नवरा ओरडला, तेव्हा उठले.

दोन दिवसांनी छाटणीनंतरच्या मशागतीसाठी ट्रॅक्टरमागचा, माती उलथणारा रोटाव्हेटर येणार होता आणि तो त्याच ओळीतून जाणार होता. "तेवढी जागा सोडा," एवढं मी म्हटलं असतं तर नवऱ्यानं सोडली असती. तो माझं ऐकत नाही असा आमचा संसार नाही. पण मी तसं म्हटलं नाही, कारण मला ती अंडी हवी होती. पंधरा वर्षं मी रेशमाच्या अळ्या वाढवते. पूर्वी अंडी आणून घरीच उबवायचे. आता लहान अळ्या आयत्या आणतो, पण हात विसरत नाही. शेडमध्ये तापमान बघायला काटा आहे, ओल राखायला भिजवलेली गोणपाटं आहेत, उंदीर-मुंगीचा बंदोबस्त आहे. सरड्याला काय जमतं, त्यापेक्षा मला जास्त जमेल असं मला मनापासून वाटलं. खुरप्यानं हळूच माती बाजूला केली. तेवीस निघाली. चिंचोक्याएवढी, पांढरी, कवचाऐवजी मऊ कातडं असलेली.

एका ट्रेमध्ये माती घेतली, अंडी ओळीनं मांडली, वर ओलं फडकं घातलं. कोंबडी अंडी फिरवते हे माहेरी पाहिलेलं, म्हणून मीही रोज सकाळी एकेक अंडं हळूच पालथं करायचे. गावातल्या बायका बघायला यायच्या. मी त्यांना काटा दाखवायचे, ओल किती ठेवायची ते सांगायचे. माझं शहाणपण तेव्हा अगदी ओसंडून वाहत होतं.

संक्रांतीपर्यंत दहा अंडी पिवळी पडून बसली. सरड्याची अंडी फिरवायची नसतात, हे मला फार उशिरा कळलं. ती मी कोणाला न सांगता उकिरड्यात पुरली. बघायला येणाऱ्यांना विचारायची सोय नको म्हणून ट्रे वरच्या फळीवर ठेवला.

माघात तुतीचं बेणं न्यायला एक टेम्पो आला. त्याच्याबरोबर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस होता. बेण्यात त्याला काही रस नव्हता. आमच्या शेडमध्ये काय ठेवलं आहे हे त्याच्या कानावर कुठून गेलं होतं कोण जाणे. त्यानं ट्रे पाहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, याला बाहेर लय मागणी हाय. रानातला धरला तर भानगड होते. तुमी घरी वाढवलेली पिल्लं म्हणून लिहून द्यायचं. कागद मी करतो."

नवरा "बघू" म्हणाला. मी ट्रे परत फळीवर ठेवला. मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पैशापेक्षा जाता जाता तो जे बोलला त्याची भुरळ जास्त पडली. "तुमी तर ब्रीडर झालात, काकू." आयुष्यात मला कोणी अशी पदवी दिली नव्हती.

पण "कागद मी करतो" हे वाक्य डोक्यात अडकून राहिलं. ज्याला कागद लागतो त्याचं ऑफिस असतं, आणि ऑफिसला मी भीत नाही. सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन मी परभणीला वनखात्याच्या ऑफिसात गेले. सरकारी काम म्हटलं की एवढं लागतंच. तिथं माझ्या मुलीच्या वयाची एक वनरक्षक बसली होती. खाकी कपडे, कपाळाला बारीक टिकली. मी कागद तिच्यासमोर ठेवले आणि सरडे वाढवायची परमिशन मागितली. तिनं सातबारा उलटून पाहिला आणि तिला हसू आवरलं नाही.

"मावशी, याच्यावर तुती लिहिलीय, सरडा कुठं लिहिलाय?"

मग तिनं मला खुर्ची दिली आणि नीट समजावून सांगितलं. आपल्याकडचा हा सरडा कायद्याच्या यादीत आहे. तो धरायचा नाही, पाळायचा नाही, विकायचा नाही, त्याच्या अंड्याला हात लावायचा नाही. परदेशातल्या काही जाती लोक पाळतात, त्यांचीही नोंद करावी लागते. त्या जिथून येतात तिथं वर्षाला किती बाहेर जाऊ द्यायच्या याचा आकडा ठरलेला असतो, कारण पूर्वी पोती भरभरून नेल्या आणि रानं रिकामी झाली.

"पण घरी वाढवून विकले तर रानातले वाचतेत की," मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं.

"काही ठिकाणी वाचले असतील, मावशी. पण लय जण रानातलेच धरतेत आणि घरी वाढवले म्हणून कागद लावतेत. कागदावर पिल्लं, डब्यात धरलेले. कोणाला ओळखू येणार हाय?"

इस्त्रीचा शर्ट माझ्या डोळ्यांसमोर आला. तरी तोंड वाजवल्याशिवाय राहवलं नाही. "शेत माझं, तुती माझी, आणि सरडा तेवढा सरकारचा?"

"सरकारचा न्हाई. त्याचा त्यो," ती म्हणाली. "तुमच्या रानात राहतोय ना? राहू द्या. एवढंच करा."

तिनं विचारलं, "अंडी-बिंडी दिसली होती का?" मी "न्हाई" म्हटलं. तिनं आपला नंबर लिहून दिला आणि मी एसटीत बसून घरी आले. त्या माणसाला फोनवर असं काही सुनावलं की त्यानं परत तोंड दाखवलं नाही. पण ट्रे फळीवरच राहिला. तोपर्यंत त्यात आठ चांगली उरली होती. कायद्याची भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला हरायचं नव्हतं. आठातली चार जरी निघाली तरी त्या पोरीला बोलावून दाखवीन, असं मी मनात घोळवत होते.

चैत्रात पाच राहिली. टपोरी, भरलेली. उन्हाळा तापला तसं मी पाणी वाढवलं आणि एके दिवशी मातीवर बुरशीचा पांढरा केस दिसला. रेशीमवाल्याला बुरशी दिसली की हात आपोआप चुन्याकडे जातो. अळ्या कात टाकायला बसल्या की आम्ही त्यांच्यावर चाळणीनं बारीक चुना धुरळतो; ओल शोषली जाते, रोग धरत नाही. हे काम मी डोळे मिटून करू शकते. तसाच चुना मी त्या पाच अंड्यांवर धुरळला. दुसऱ्या दिवशीही धुरळला. बुरशी गेली. मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी पाचही अंडी सुकून आत बसली होती. चुन्यानं बुरशीची ओल शोषली तशी त्यांचीही शोषली. मी पाणी शिंपडलं, फडकी बदलली, ट्रे माठाखाली नेऊन ठेवला. काही उपयोग नव्हता, हे हातांना कळत होतं. शेवटी एक अंडं ब्लेडनं उघडलं. आत पिल्लू होतं. पुरतं तयार. डोळे मिटलेले, शेपटीची गुंडाळी झालेली, पायाची बोटं दोन आणि तीन अशी फांदी धरायला वळलेली. ते फांदी धरायच्या तयारीत होतं आणि मी त्याला चुना घातला होता. मी शेडमध्ये खाली बसून रडले. नवरा आला, त्यानं ट्रे पाहिला, आणि त्या दिवशी सगळा पाला एकट्यानं कापून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी त्या वनरक्षकेला फोन केला. ती स्कूटीवर आली. मी ट्रे तिच्यासमोर ठेवला आणि तेवीस अंड्यांचं सगळं सांगितलं, उकिरड्यातल्यांसकट. तिनं जबाब लिहून घेतला. चेहरा कडक होता, पण आवाज चढवला नाही.

"मी विचारलं तवा का न्हाई सांगितलं?"

"तुमी कायद्याचं सांगायल्या होत्या. मी म्हटलं, माझा हात पंधरा वर्षांचा हाय. कशाला मरतेत माझ्या हातात?"

तिनं ट्रेमधला चुना बोटावर घेतला. "हात चांगलाच हाय, मावशी," ती म्हणाली. "म्हणूनच मेली."

असं मला आजवर कोणी बोललेलं नाही. पुढं ऑफिसात बोलावणं आलं, साहेबांसमोर लिहून द्यावं लागलं, पुन्हा असं झालं तर केस होईल अशी समज मिळाली. मी मान खाली घालून सही केली. त्या पाच अंड्यांपुढं ते काहीच नव्हतं.

दिवाळी पुन्हा आली. सरडी पुन्हा फुगली. या खेपेला ती चौथ्या ओळीत उतरली, ट्रॅक्टर वळतो त्या टोकाला. नवऱ्यानं इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काय करायचं?"

"काहीच न्हाई करायचं," मी म्हटलं. "तेवढं रान सोडा."

सहा हात रान पडीक राहिलं. सांगायला सोपं आहे. थंडीत तिथं गवत माजलं आणि ते उपटायला माझे हात शिवशिवायचे. वैशाखात जमिनीला भेगा पडल्या तेव्हा दोन तांबे पाणी ओतावं, वर जुनं लुगडं ताणावं, असं दहादा मनात आलं. दहाही वेळा मी शेडमध्ये जाऊन दुसरं काहीतरी काम काढलं. आत काय चाललं आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचा एकच मार्ग माझ्याकडे होता, तो खुरप्याचा. ते सात-आठ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब गेले.

आषाढात, दोन चांगले पाऊस होऊन गेल्यावर, पाला कापायला गेले तर शेजारच्या तिसऱ्या ओळीत एका पानाच्या देठावर काहीतरी हललं. बोटाच्या पेराएवढं. फिकट, जवळजवळ पारदर्शक. एक पाऊल उचलून हवेत धरलेलं. वरच्या फांदीवर आणखी एक. वारा सुटला होता आणि पानं जोरात हलत होती. खालचं पिल्लू पडेल की काय असं वाटून माझा हात पुढं गेला. मग तसाच मागं घेतला आणि बांधावर येऊन वनरक्षकेला फोन लावला.

"निघाली," मी म्हटलं.

"कुठं हायेत?" तिनं विचारलं.

"पानावर. वारं लय सुटलंय."

"आणि तुमी कुठं?"

"बांधावर."

"तिथंच थांबा, मावशी."

मी तिथंच थांबले.