फोन म्हणते मी नागपूरले आहो

बायांनो, आज दुपारी जीव उडाला माझा. जुन्या फोनवर निरोप आला, "तुमच्या खात्यात नव्या फोनवरून प्रवेश झाला, ठिकाण नागपूर." अन् मी तर साकोलीले, ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसलेली!

खात्यात नातवंडांचे सारे फोटो. कोण शिरला मेला? पहिली शंका धाकट्या जावयावर. तो नागपूरचाच.

नात पिंकी पोट धरून हसली. "आजी, आत्ता तूच नाही का नव्या फोनवर उघडलं? वेळ पाय, तेच आहे."

"मंग नागपूर काहून लिवलं?"

"इंटरनेटवर गेलं का नेटवाली कंपनी एक नंबर देते, आयपी ॲड्रेस. उत्तर कुठं धाडायचं ते त्याच्यावरून समजते. त्या नंबरावरून गाव अंदाजानं सांगतात. कंपनीचं काम नागपुरातून चालत असंल, तर नागपूर दिसते. तुझं घर नाही दिसत."

तवा उजेड पडला! ऐंशीच्या आसपास आमचे हे पवनीले भावाकडं गेले होते. आमच्या साकोलीच्या राईस मिलच्या फोनवर ह्यांचा ट्रंक कॉल आला. ऑपरेटर बाई म्हणे, "नागपूर बोलतंय." मी ह्यांले पहिलं विचारलं, "नागपुरात कोणाकडं उतरले?"

हे ओरडले, "अवो, पवनीलेच आहो! लाईन नागपूरहून जोडली!" पुरी मिल हसली.

आता पटलं मले. तरी पासवर्ड बदलवलाच, अन् पिंकीले सांगितला नाही. पोरगी इतकी काहून हसत होती, तुम्हीच सांगा?