आवतन एकाच बैलाला

पोळा आला की मला हटकून ते प्रकरण आठवतं. हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूरच्या बाजूला मी तेव्हा ठाणेदार होतो. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतरचा तो पहिलाच पोळा.

पोळ्याच्या सकाळी एक वजनदार शेतकरी ठाण्यात आला. रात्री गोठ्यातून त्याचा बैल चोरीला गेला होता. संशय बौद्ध वस्तीतल्या एका मजुरावर. आमच्या खबऱ्यानेही आदल्या दुपारी त्या मजुराला गोठ्यापाशी पाहिल्याचं सांगितलं. शिपाई गेले आणि भर गावातून दोरी लावून त्याला घेऊन आले. मागे पोरंटोरं आणि टिंगल करणारे होतेच.

चौकशीत तो डगमगला नाही. म्हणाला, "बैल काल दुपारीच मेला, साहेब. मले ओढाले बोलावलं. मी म्हटलं, आता आमी हे काम नाई करत. मंग चोरी कायची करू?"

फिर्यादी उसळला, "खोटं बोलून राह्यला! संध्याकाळी खांद शेकली तवा दोनी बैल उभे होते."

सगळा गाव फिर्यादीच्या बाजूने. मजुराला चोर ठरवलं असतं, तर त्या वस्तीला गावात राहणं कठीण झालं असतं. त्यालाही ते कळत होतं.

माझ्या ठाण्यात एक रीत होती. हजेरीनंतर प्रकरणावर बोलताना सगळ्यात नवा शिपाई आधी बोलायचा आणि मी शेवटी. साहेब आधी बोलला की बाकीच्यांची मतं चटकन साहेबासारखी होतात, हे मी वरच्यांच्या हाताखाली चांगलंच पाहिलं होतं. जुन्या हवालदारांना ही रीत मुळीच आवडत नसे. त्या दिवशीही त्यांनी नाकं मुरडली. नवा शिपाई चाचरत म्हणाला, "साहेब, घरातल्या बाईले तं कोणी काहीच विचारलं नाई."

फिर्यादीला ठाण्यातच बसवून मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो, पाणी मागितलं. त्याची बायको दाराआड उभी राहिली. मी चोरीचं नावही काढलं नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकतात, म्हणजे बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. मी एवढंच विचारलं, "बाई, काल आवतन कोणाकोणाला दिलं?"

बाईने डोळ्याला पदर लावला. "मेलेल्याले कसं आवतन देऊ, साहेब? एकालेच देल्लं."

पुढे सगळं सरळ होतं. फिर्यादीच्याच शेतात नाल्याकाठी पंचांसमक्ष खोदलं. बैल निघाला, अंगावर जखम नाही. फिर्यादी खाली मान घालून बोलला, "भावाले घेऊन मीच ओढला. गावाले कळलं असतं तं हसले असते. त्यानं नाई म्हटलं, त्याचा रागच आला होता मले." खोट्या फिर्यादीची कारवाई मी त्याच्यावर केली. गावातल्या बड्या मंडळींनी रदबदली केली, ती ऐकली नाही.

मजुराला म्हटलं, "तू मोकळा आहेस. मागच्या वाटेने जा, आज गावात गर्दी आहे."

तो जागचा हलला नाही. "आणलं तं सगळ्यायच्या समोरून. आता चोरावानी काऊन जाऊ?"

त्याचं बरोबर होतं. आम्ही निघालो तेव्हा तोरणाखाली बैलजोड्या उभ्या होत्या, अख्खा गाव जमलेला. वाजंत्री थांबली. मी मोठ्याने सांगितलं, "बैल चोरीला गेला नव्हता. या माणसावर आळ खोटा होता."

पुढे मोठ्या हुद्द्यांवर गेलो. नवे अधिकारी विचारायचे, माणसं हाताखाली कशी ठेवावी? मी म्हणायचो, आधी त्यांना बोलू द्या, आणि ज्याला कोणी विचारलं नाही त्याच्या दारी स्वतः जा. बाकीचं मला त्या मजुराने शिकवलं. ठाणेदार नेहमी पुढे चालतो. त्या दिवशी वस्तीपर्यंत तो पुढे चालला, मान वर करून, आणि गणवेशातला मी त्याच्या मागून गेलो.